इंजिनातलं वाढतं ऑइल

माझ्या नवऱ्याला गाडी चालवता येत नाही. लायसन्स आहे, इतक्या वर्षांत सिंगापुरात एक दंड नाही, पार्किंग तर असं करतो की कुणी फूटपट्टी लावून बघावं. पण गाडी चालवणं वेगळं आणि तो करतो ते वेगळं. तो गाडी वाचवत असतो. तिसरा गिअर पडतो न पडतो तोच चौथा, चौथ्यावरून लगेच पाचवा, आणि मग इंजिन खाली कण्हत असलं तरी याचं लक्ष डॅशबोर्डवरच्या एका आकड्यावर: अ‍ॅव्हरेज किती पडतंय. पुण्यात स्कूटरवर उतारावर इंजिन बंद करायची जी खोड लागली, ती साहेबांनी इथे जपून आणली आहे.

गाडी होती सेकंडहँड, युरोपातली, दीड लिटरचं टर्बो डिझेल इंजिन, आणि गिअरची. इथे डिझेल गाडी फारसं कुणी घेत नाही, गिअरची तर नाहीच नाही. सगळ्यांनी नाकारलेली स्थळं शेवटी ज्यांच्या वाट्याला येतात त्यातले आम्ही. पण याचा थाट असा की जशी काही दहा जणांतून निवडून आणली. बुकित तिमाहच्या आमच्या कॉन्डोत रविवारी कुणी पोहे खायला आलं की पोह्यांच्या आधी त्यांना खाली पार्किंगमध्ये जावं लागे. तिथे गाडीचं गुणगान चाले: चार सिलिंडर, कॉमन रेल, नव्वद हॉर्सपॉवर, टॉर्क दोनशे वीस, आणि तोही साडेसतराशे आरपीएमलाच मिळतो! टॉर्क म्हणजे काय असं कुणी विचारलं असतं तर पंचाईत होती. पण पाहुणेही आयटीतलेच, त्यांनाही ठाऊक नसायचं, त्यामुळे सगळे गंभीरपणे माना डोलवायचे.

मला ठाऊक होतं. इथे येण्याआधी सहा वर्षं मी पुण्यात अशाच इंजिनांच्या टेस्ट बेडवर नोकरी केली. जाड काचेच्या पलीकडे इंजिन, अलीकडे आम्ही. ते तासन्‌तास पूर्ण ताकदीने पळवायचं, कधी मुद्दाम वाईट ऑइल घालून, कधी थंड करणारं पाणी तोडून, आणि काय फुटतं, कधी फुटतं ते वहीत लिहायचं. मग नवऱ्याला इथली नोकरी लागली, मी डिपेंडंट पासवर आले, मुलगी लहान होती, आणि सहा वर्षांच्या कामाचं रूपांतर ‘हिचंही इंजिनिअरिंग झालंय’ या एका वाक्यात झालं.

या छोट्या टर्बो डिझेल इंजिनांचे आजार ठरलेले असतात. हळूहळू चालवलं की आत काजळी साठते, व्हॉल्व्ह चिकटतात, इंजेक्टर तुंबतात. धूर बाहेर जातो त्या वाटेवर काजळीची एक गाळणी असते. ती भरली की इंजिन स्वतःच थोडं जास्तीचं डिझेल सोडून ती काजळी जाळून टाकतं. पण त्यासाठी गाडी वीसएक मिनिटं सलग, चांगली सडकून पळायला लागते. आमची गाडी पळायची कुठे? घर ते मुलीची शाळा, शाळा ते घर, शनिवारी लिटिल इंडियात भाजी आणि नारळ. दर दोनशे मीटरवर सिग्नल. जळणं अर्ध्यावर आलं की आमचं घर आलेलंच असायचं, आणि हा गाडी बंद करायचा. गाडी बंद होऊनही पंखा घरघरत राहायचा, करपल्यासारखा वास यायचा. ‘बघ, स्वतःला थंड करतेय, किती हुशार आहे,’ हा म्हणायचा. मला हसावं की रडावं ते कळत नसे.

वर्षातून एकदा हायवेने मलाक्काला जाऊन आलो की महिनाभर गाडी गुणी बाळासारखी वागायची. त्याचं श्रेय तो तिथल्या मोकळ्या हवेला द्यायचा.

मी गाडी घेतली की मात्र शेजारी बसून नुसतं ‘अगं, गिअर बदल, गिअर बदल.’ मी तिसऱ्यावर तीन हजारापर्यंत खेचायचे, कारण तिला तेच हवं होतं. ‘इंजिनावर जरा दया कर,’ तो म्हणायचा. शेवटी मी किल्ली मागणं सोडून दिलं.

असं अर्धवट जळलेलं डिझेल जाणार कुठे? ते सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. रविवारी सकाळी बॉनेट उघडून, जुन्या बनियनच्या तुकड्याने ऑइलची पट्टी पुसून, ती पुन्हा बुडवून बघायची ही नवऱ्याची पूजा. एका रविवारी त्याने दोन मित्रांना ती पट्टी दाखवली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलं होतं.

‘वर्षभरात एक थेंब प्यायली नाही,’ तो म्हणाला. ‘उलट वाढलंय!’

गवळ्याकडचं दूध वाढतं तेव्हा काय झालेलं असतं हे ज्यांच्या आयांना कळायचं, त्यांची ही शिकलेली मुलं. तिघेही खूश. मी म्हटलं, ‘अरे, ऑइल आपोआप वाढत नसतं. डिझेल मिसळलंय त्यात. बदलून टाक, आणि गाडी जरा पळव.’

नवरा मित्रांकडे बघून हसला. ‘आता इंजिनातही लक्ष घालायला लागल्या बाईसाहेब. कॉलेजात कधीतरी एक पेपर होता हिला.’

पेपर. सहा वर्षांचा पेपर. मित्रही हसले, आणि त्यातल्या एकाने मला चहाचं विचारलं.

मला राग आला, आणि तो गेला नाही. मी ठरवलं, आता एक शब्द बोलायचा नाही. दुसऱ्या दिवशी हा ऑफिसला मेट्रोने गेल्यावर मी खाली गेले, पट्टी काढली आणि तिच्यावरचा एक थेंब टिश्यूपेपरवर टाकला. मधे काळा डाग, भोवती पसरत गेलेलं पिवळट वर्तुळ. ते वर्तुळ म्हणजे डिझेल, ही टेस्ट बेडवरची सगळ्यात सोपी परीक्षा. वाळल्यावर कोपऱ्यात पेनने महिना लिहिला: मार्च. ओढण्यांच्या खणात ठेवला. मग दर महिन्याला एक. एप्रिल, मे, जून. वर्तुळ मोठं होत होतं आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. एक दिवस कॉन्डोच्या उतारावर, शेजाऱ्यांच्या देखत, याची लाडकी बंद पडणार होती. त्या संध्याकाळी सगळे टिश्यू टेबलावर ओळीने मांडायचे, एवढंच माझ्या मनात होतं.

जुलैत अठरा वर्षांची मुलगी लायसन्सची परीक्षा पास झाली. घरची गाडी गिअरची म्हणून तीही गिअरचीच शिकली. मागच्या काचेवर नवशिक्यांचा त्रिकोण चिकटला. शेजारी बाबा, म्हणजे ‘हळू, हळू, गिअर बदल.’ ऑगस्टचा टिश्यू मी घेतला. सप्टेंबरचाही, आणि ऑक्टोबर लागताच त्याचाही.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी नवरा ऑफिसच्या कामाला गेला होता. मुलगी म्हणाली, आई, ईस्ट कोस्टला जाऊ या. समुद्राकाठी चालू, मग हॉकर सेंटरमध्ये खाऊ. एक्स्प्रेसवेला लागलो तर ही बापासारखीच पाचव्यावर रेंगाळत होती. मला राहवलं नाही. ‘असं नाही चालवायचं गं हे इंजिन,’ मी म्हटलं. ‘तिसऱ्यावर घे. दाब खाली पाय. होऊ दे मोकळं.’

तिने दाबला. गाडी छान उसळली. मुलगी हसली, मीही. मग आरशात मागचा रस्ता दिसेनासा झाला. निळसर पांढरा धूर, आणि इंजिनाचा आवाज चढतच चालला.

‘पाय काढ!’

‘आई, आय नेव्हर प्रेस! आय नेव्हर प्रेस लाह!’

तिचा पाय खरंच वर होता. काटा मात्र लाल पट्ट्यात शिरत होता. वरपर्यंत भरलेलं ते पातळ ऑइल इंजिन स्वतःच ओढून जाळायला लागलं होतं. असं झालं की किल्ली फिरवूनही इंजिन बंद होत नाही, जळायला आहे तोवर ते वेड्यासारखं पळतं. टेस्ट बेडवर मी हे दोनदा पाहिलं होतं. त्यामुळे असं होईल हे मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

‘क्लच दाब. डावीकडे घे. ब्रेक. थांबव पूर्ण. ब्रेक सोडू नकोस. आता पाचवा टाक. क्लच सोड एकदम!’

गाडीला जोराचा हिसका बसला आणि इंजिन मेलं. मागून एक लॉरी हॉर्न वाजवत गेली. मुलीचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते, मला एकेक बोट सोडवावं लागलं. ‘आई, यू सो पावरफुल,’ ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला रेलिंगच्या पलीकडे नेऊन उभं केलं आणि टोइंगवाल्याला फोन केला.

वर्कशॉपच्या चिनी अंकलने बॉनेटखाली पाहिलं, पट्टीचा वास घेतला आणि मान हलवली. ‘गॉन ऑलरेडी. लकी नेव्हर कॅच फायर.’

संध्याकाळी नवरा घरी आला. डिझेलच भेसळीचं असणार, हे त्याने बूट काढायच्या आत शोधून काढलं. मी खोलीत गेले आणि खण उघडला. आठ टिश्यू डायनिंग टेबलावर मांडले, मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत. तो एकेक उचलून बघत होता आणि चेहरा उतरत होता. आठ महिने मी ज्या चेहऱ्याची वाट बघितली तो हाच, अगदी मनासारखा.

मुलगी आंघोळ करून आली, ओल्या केसांनीच टेबलापाशी उभी राहिली. कोपऱ्यातले महिने वाचले. मग जुलैपासूनचे चार टिश्यू बोटाने ओढून बाजूला घेतले.

‘दीज आर आफ्टर माय लायसन्स,’ ती म्हणाली. ‘आई, यू वेअर वेटिंग फॉर इट, इज इट?’

‘अगं, असं नसतं ते,’ नवरा म्हणाला. इतक्या वर्षांत इंजिनाच्या बाबतीत त्याने माझी बाजू घेतली ती ही एकदाच.

टेस्ट बेडवर इंजिन फुटलं की आम्ही काचेच्या अलीकडे टाळ्या वाजवायचो, वहीत वेळ लिहायचो आणि चहाला जायचो. पलीकडे कधी कुणी माणूस बसलेलं नसायचं.

‘हो,’ मी मुलीला म्हटलं. ‘वाट बघत होते.’