जुना कफ

बाबांचं ऑपरेशन ठरलं आणि घरात किस्से वाळत घातलेल्या सुपारीसारखे पसरले. पाऊल टाकाल तिथे एक!

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या मोठ्या आतड्याचा कॅन्सर काढला, तेव्हा त्यांना सांगितलं होतं, ‘आतड्याला पीळ पडलाय.’ आता त्याच कॅन्सरच्या तीन गाठी उजव्या फुप्फुसात निघाल्या. सर्जन म्हणाले, काढता येतील, पण उशीर नको. काकांनी लगेच फर्मान सोडलं: दादाला कळता कामा नये. म्हणजे चौलच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला सांगायचं, ‘जुना कफ आहे.’

कफासाठी ऑपरेशन!

*

आत्याला खरं सगळं माहीत. तरी रोज सकाळी अडुळशाचा काढा उकळून हजर. मी विचारलं, हा कशाला? तर म्हणे, “कफ म्हटलाय ना? मग काढा नको? दादाला संशय येईल.”

*

सर्जननी काकांना चित्र काढून समजावलं, की गाठी फुप्फुसात असल्या तरी मूळ आतड्यातलंच आहे. काकांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणतात, “भाडेकरू पोटातला, मग छाती कशाला रिकामी करायची? दिवाळीनंतर बघू.”

मी तारीख घेऊनच घरी आले. आठवडाभर काका माझ्याशी बोलले नाहीत. तेवढाच आराम.

*

श्वासाच्या व्यायामासाठी तीन चेंडूंचं यंत्र दिलं होतं. काकांनी बाबांना शिकवायला म्हणून लाल होईपर्यंत फुंकलं. चेंडू ढिम्म. “डबा बंद पडलाय, बदलून आण.”

श्वास आत ओढायचा असतो! बाबांनी नळी घेतली, तिन्ही चेंडू वर नेले आणि काकांकडे बघत तिथेच धरून ठेवले.

*

भरती व्हायच्या दिवशी फॉर्ममध्ये ‘आजार’ या रकान्यात काकांनी चक्क ‘जुना कफ’ लिहिलं. मी ते खोडलं आणि रागारागात खरा शब्द लिहिला. काका फॉर्म ओढायला लागले, आत्या रडायला. तेवढ्यात नर्स म्हणाली, सही पेशंटचीच लागेल, नाहीतर आज घेणार नाहीत.

बाबांनी हात पुढे केला. चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. त्या रकान्याशी थांबले. आत्याने पदर तोंडात कोंबला.

बाबांनी माझ्याकडून पेन घेतलं.

“कर्करोगातला रफार दुसऱ्या ‘क’वर येतो गं,” म्हणाले. दुरुस्त केला आणि सही ठोकली.