गटारीला राहून गेलेला केक

मंडळी, आज गटारी. सकाळी मुलगा आणि सून मढला फिरायला निघाले. सून म्हणाली, "आई, मी गोड खाणार नाही, वाइनही घेणार नाही. कॅलरीज बघतेय ना!"

मला माझीच गटारी आठवली हो.

पंच्याऐंशीची गटारी. नवीन लग्न, आम्हीही अंधेरीहून मढलाच गेलेलो. जिथं मुक्काम केला तिथल्या घरमालकीण मेरी आंटीने घरची वाइन आणि अंडी घातलेला नारळाचा केक पुढे ठेवला. मी मासिकातला कॅलरींचा तक्ता पाठ करून गेलेली! म्हटलं, "आज जेवण जड झालंय, उद्या घेऊ." हेही माझ्यासाठी थांबले.

सकाळी आंटीने परत केक आणला, तर हे हसायलाच लागले. "अगं, आजपासून श्रावण!" दारू बंद, अंडंही बंद. वाट लागली. "पुढच्या गटारीला येऊ गं," म्हणाले.

पुढच्या गटारीला मुलगा कडेवर होता. मग दरवर्षी काहीतरी निघायचंच. आता हे नाहीत.

निघताना सुनेला एवढंच म्हटलं, "तिथं नारळाचा केक मिळाला, तर आजच खा गं."

मघाशी तिचा फोन आला. "आई, खाल्ला केक! तुमच्यासाठीही घेतलाय, उद्या आणते."

उद्या श्रावण. तरी मी खाणार आहे. मंडळी, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?