रंगूबाईचं दुसरं पांघरूण

कुंडलच्या रंगूबाईला १९४५ च्या पावसाळ्यात पलटणीतून नवऱ्याचं पत्र आलं. ट्रकला आग लागून कृष्णातची पाठ भाजली होती. जखमा भरल्या, पण कातडी हुळहुळी राहिली. "घोंगडं लय टोचतं, अंगावर घेववत न्हाई," असं त्यानं लिहिलं होतं. दिवाळीच्या पाडव्याला तो कायमचा घरी येणार होता, आणि घरात पांघरायला घोंगड्यांशिवाय दुसरं काही नव्हतं.

रंगूबाई हातावर हात धरून बसणारी नव्हती. शाळेतल्या मास्तरांच्या पत्नी लीलाबाईंनी तिला क्रोशाच्या सुईनं दाराची तोरणं विणायला शिकवलं होतं. तिनं कृष्णातच्या पेटीतल्या मऊ लोकरीच्या दोन खाकी जर्सी आणि एक मफलर उसवला. शेजारणी खिदळल्या. म्हणाल्या, "चांगली जर्सी उसवून जाळं इणतीया. मासं धरायचं हायती का गं?" रंगूबाई रोज उसाला पाणी पाजून आली की ओसरीवर बसायची आणि क्रोशाच्या उभ्या टाक्यांचे खांब एकाला एक जोडत पांघरूण विणायची. महिन्यानं पांघरूण झालं.

आता तिची सासू, अंबूबाई. जीव लावणारी बाई, पण उरक भलताच दांडगा. नव्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ दिली की ते टिकतं, हे तिचं जन्माचं ज्ञान. सून रानात गेलेली बघून तिनं चिंचोके शिजवून दाट खळ केली, पांघरूण त्यात बुचकळलं आणि उन्हात टाकलं. संध्याकाळी रंगूबाई येऊन बघते, तर पांघरूण पापडासारखं कडक होऊन भिंतीला टेकून उभं! करायला गेली गणपती, झाला मारुती.

रंगूबाई ढसाढसा रडली. "आवं आत्याबाई, ह्यापरास घोंगडं बरं हुतं की!"

अंबूबाईचं तोंड एवढंसं झालं. "टिकावं म्हणून केलं गं पोरी. आता काईच व्हायाचं न्हाई का?"

पाडव्याला अकरा दिवस उरले होते. रंगूबाईनं पदरानं नाक पुसलं. "व्हईल. पर भाकरी, धारा समदं तुमी बघायचं."

खळ रिठ्याच्या कोमट पाण्यात तीनदा धुतली, तेव्हा कुठं लोकर मोकळी झाली. पण धुण्यानं पांघरूण वेडंवाकडं झालं, म्हणून ते पार शेवटच्या टाक्यापर्यंत उसवलं. लोकरीची ओली लड करून तिला वरवंटा टांगला आणि धाग्याची वळणं काढली. उसवताना रंगूबाईला आपलीही चूक सापडली. दर ओळीला टोकाचा खांब सुटत गेल्यानं एक बाजू अरुंद झाली होती, आणि हे तिनं स्वतःपासूनही लपवलं होतं. या खेपेला तिनं प्रत्येक ओळ मोजली. बोटाला घट्टे पडले, पण कडा सरळ आल्या. खरं सांगायचं तर पहिलं पांघरूण याच्या पासंगालाही पुरलं नसतं.

पाडव्याला कृष्णात आला. ओवाळणं झालं, तसा तो सदरा काढून पालथा पडला. रंगूबाईनं पांघरूण त्याच्या उघड्या पाठीवर अलगद सोडलं. तो अंग चोरून टोचायची वाट बघत राहिला. मग हळूहळू त्याचे खांदे सैल झाले. "काईच लागत न्हाई गं," म्हणाला आणि बोलता बोलता घोरायला लागला.

शेजारणी भेटायला आल्या, तेव्हा रंगूबाई दारातच उभी होती. आनंद तिच्या पोटात मावत नव्हता.

"या की आत," ती म्हणाली. "फकस्त आवाज करू नगा." आणि एकेकीला हाताला धरून आत नेऊन तिनं त्या जाळ्याखाली झोपलेला आपला नवरा दाखवला.