रविवार सोडला, शुक्रवार राखला

मी निघाले त्या दिवशी बीडच्या स्टँडवर अप्पांनी एसटी अडवून धरली. हाताने नाही, प्रार्थनेने. माझ्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटले, आणि अप्पांची प्रार्थना म्हणजे थेट आदामापासून सुरुवात. कंडक्टर घंटी मारून दमला, शेवटी खाली उतरून म्हणाला, "मामा, आमेन म्हणा आता, मुंबई लई लांब हाय." अप्पांनी त्यालाही प्रार्थनेत घेतलं. मग तो बिचारा टोपी काढून उभा राहिला.

मार्था, तू माझी चुलतबहीण, पुढच्या महिन्यात कुवेतला यायला निघणार, म्हणून विचारलंस काय काय आणू. काळा मसाला आण. बाकी सगळं इथं मिळतं. पण एक गोष्ट आधी ऐक.

नेकनूरच्या अलीकडचं आपलं गाव आणि तिथलं अप्पांचं शिलाईचं दुकान तुला माहीतच आहे. बाजार रविवारी. वस्त्यांवरची माणसं त्याच दिवशी मापं द्यायला येणार, आणि आमचं दुकान नेमकं त्याच दिवशी बंद, कारण सगळं घर देवळात, चर्चच्या उपासनेला. समोरच्या पंक्चरवाल्या रफिकचाचांचा जीव तीळतीळ तुटायचा. "अबे मास्तर, तुझा देव बाजाराच्याच दिवशी कावून बोलावतो?" म्हणायचे, आणि गिऱ्हाइकांची कापडं मुकाट आपल्या दुकानात ठेवून घ्यायचे. अप्पांचं उत्तर ठरलेलं, "रविवार आपला न्हाई. दुसऱ्याची वस्तू इकता येती का?"

मला त्या उत्तराचा संताप यायचा. घरावर पत्रे. वैशाखात दुपारी आत बसवत नसे. माय डोक्याला ओलं फडकं बांधून भाकरी थापायची आणि नंतर कपाळ धरून पडून राहायची. तिच्या डोक्यावर स्लॅब टाकायचा, एवढ्यासाठीच मी कुवेतला अबाया, म्हणजे इथल्या बायकांचे काळे झगे, शिवायच्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरली.

इथं रविवारी ड्युटी. सुटी शुक्रवारी, म्हणून आमची मराठी उपासनाही शुक्रवारी, एका बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अप्पा फोनवर हसायला लागले. "रफिकला सांगतो, तुज्या जुम्म्यात वाटेकरीण आली म्हणावं."

पुढं ईदचा सीझन आला आणि सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, फ्रायडेला ये, ओव्हरटाइम डबल, हवा तर कायमचा. उन्हाळ्याच्या आत स्लॅब झाला असता गं. मी मनात वकिली केली. देवाचा दिवस रविवार, तो तर गेलाच आहे. मग शुक्रवार माझा, नाही का? अप्पा हो म्हणणार याची खात्री होती, कारण काम मायसाठी होतं. पण ते म्हणाले, "मी काई सांगत न्हाई. डोकं तुज्या मायचं तापतंय, तिलाच इचार."

मायनं सगळं ऐकून घेतलं. "शुक्रवारी बी मशीनवर बसलीस तर तितं तुला तुजं मानूस कोन?" म्हणाली. मी पत्र्याचं काढलं, तर म्हणे, "पत्रा काय, सांजच्याला गार व्हतोच."

मी बाथरूमचा नळ सोडून रडले. सकाळी मॅडमना नाही म्हटलं. त्यांनी ती शिफ्ट दुसऱ्या मुलीला दिली, त्यांचं काही चुकलं नाही. त्या बेसमेंटमध्ये जालन्याची, नगरची माणसं आहेत. मला ताप आला तेव्हा त्यातल्याच एका मावशीनं पेज करून पाजली. तरी खोटं कशाला बोलू, मे महिन्यात फोनवर मायचा ओढलेला आवाज ऐकला की वाटतं, आपण देवाचा दिवस राखला आणि किंमत मायनं भरली. मायला हे सांगितलं तर ती रागावते.

गेल्या सुटीत दुकानात बसले होते. तलवाड्याचं एक ओळखीचं गिऱ्हाईक आलं. माझ्याकडं बघून म्हणालं, "मास्तर, पोरगी इतकी वर्सं कुवेतला अन् घरावर अजून पत्रेच?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अप्पांनी मशीन थांबवली आणि रस्त्यापलीकडं चाचांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "पोरीनं शुक्रवार राखलाय आमच्या." त्या माणसाला काही कळलं नाही. चाचांनी मात्र तिकडून हात वर केला, आणि आतून माय म्हणाली, "अन् त्यो बी डबल पगाराचा!"

मार्था, कमावलेलं मोजणारे इथं पुष्कळ भेटतील तुला. न कमावलेल्याची अशी शेखी मिरवणारी माणसं मला त्या एकाच घरात भेटली. म्हणून वर पत्रा असो की स्लॅब, मी घर त्यालाच म्हणते.