गाव जाग्यावर हाय

रंगनाथ मिस्त्री कुठलंही इंजिन सुरू करण्याआधी गावाची हवा बघत. किल्ली अर्धीच फिरवायची, इंजिन बंद ठेवायचं आणि लॅपटॉपवर हवेच्या दाबाचा आकडा वाचायचा. आपलं शहर समुद्रापासून बरंच उंचावर, त्यामुळे समुद्रकाठी शंभर भरणारी हवा इथे पंच्याण्णवच्या आसपास भरते. तो आकडा दिसला की ते मोठ्यानं म्हणत, "पंच्याण्णव. गाव जाग्यावर हाय." मगच किल्ली पुढे फिरे.

पडेगावला, दौलताबादच्या रस्त्यालगत त्यांची पत्र्याची शेड होती. मूळचे ते सिल्लोडकडचे. वडील मेंढरं राखायचे. वाळूजच्या एका कारखान्यात रंगनाथ फिटर होते. तो बंद पडल्यावर त्यांनी टर्बो इंजिनांचं, म्हणजे आत जादा हवा कोंबणाऱ्या इंजिनांचं, काम शिकून घेतलं. गाडीची ताकद वाढवून घेणारी शहरातली हौशी मंडळी त्यांच्याकडे येत. मी इंग्रजीचा निवृत्त शिक्षक. माझी जुनी गाडी दुरुस्त होईपर्यंत बाकावर वाचत बसलो होतो, तेव्हा ते हात पुसत जवळ आले.

"इंग्रजी हाय का पुस्तक?"

"हो."

"मग हे वाचा बरं. आकडे कळत्यात, पण कोणता आकडा कशाचा, ते इंग्रजीत लिवलंय. दहावीला त्याच इंग्रजीनं आडवं पाडलं मला."

तो हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या खोक्यातला कागद होता. त्या दिवसापासून मी त्यांचा वाचक झालो, आणि चार वर्षं राहिलो.

एकदा मी विचारलं, चांगला चालणारा सेन्सर बदलायचा कशाला?

"सर, मेंढरं मोजणाऱ्याला शंभराच्या पुढं मोजताच येत नसलं, तर दीडशे मेंढरंबी त्याला शंभरच. टर्बोचा दाब वाढविला आन सेन्सर जुनाच ठेवला, तर त्यो शंभरावर अडून बसतो. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं, हवा तेवढीच हाय. मग पेट्रोल कमी सोडतो. आन पिस्टन वितळतो."

"नवा बसवला की झालं ना मग?"

"कसं झालं? नव्या गड्याची मोजणी कॉम्प्युटरला शिकवावी लागती. त्याच्यासाठी तर तुम्हाला बसविलंय इथं. चहा काय फुकट पाजतो व्हय?"

काम झालं की ते गाडी दौलताबादच्या दिशेनं पळवून आणत. येताना एका ठरलेल्या बाभळीखाली थांबत, बॉनेट उघडत आणि एकेका नळीला हात लावून बघत. "डोळं फसत्यात, हात नाय," असं म्हणत.

त्या सोमवारी एका लाल गाडीसाठी मोठा सेन्सर आला होता. मी कागदावरचे आकडे वाचत गेलो, ते भरत गेले. किल्ली अर्धी फिरवून त्यांनी पडदा बघितला आणि म्हणाले, "सर, चहा घेऊ. कागद आज माझ्यापाशी राहू द्या."

एरवी असे कागद मी घरी नेई. कोऱ्या बाजूवर टिपणं काढायला बरे पडत. गुरुवारी गेलो, तेव्हा तो कागद त्यांनी आठवणीनं परत दिला. दुसऱ्या गाडीचा कागद टेबलावर होता आणि त्यावर एक स्टीलची पट्टी. कशाला असेल म्हणून मी ती बाजूला सारली.

रविवारच्या वर्तमानपत्रात चार ओळी होत्या. दौलताबाद रस्त्यावर बंद पडलेल्या लाल गाडीजवळ उभ्या असलेल्या मेकॅनिकचा टेम्पोच्या धडकेत मृत्यू. खाली नाव. मी ते नाव वाचलं, पुन्हा वाचलं. अक्षरं सगळी ओळखीची होती, अर्थ लागत नव्हता. हातातला कप खाली ठेवायचंही सुचलं नाही.

मग नजर 'बंद पडलेल्या' या शब्दांवर अडकली. मी उठून सोमवारचा कागद काढला. त्यावर आकड्यांच्या दोन ओळी होत्या. वरची छोट्या सेन्सरची, खालची मोठ्याची. मी वरची वाचली होती. म्हणजे कॉम्प्युटरला हवा कमी दिसली असणार, पेट्रोल कमी पडलं असणार, इंजिन भर रस्त्यात गेलं असणार. आणि तेव्हाच आठवलं, सोमवारी किल्ली फिरवल्यावर ते 'गाव जाग्यावर हाय' म्हणालेच नव्हते.

तीन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. चौथ्या दिवशी पडेगावला गेलो आणि त्यांच्या पत्नीला, सखूवहिनींना, उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"अवो सर, ते त्यांना तवाच कळलं व्हतं. आकडा पंच्याण्णवच्या जागी एकाहत्तर आला म्हणं. तुम्ही गेल्यावर नीट केलं. घरी येऊन हसत व्हते, सर आज वरचीच ओळ वाचून गेले म्हणून."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मास्तरला वाचायला कसं शिकवावं, म्हणले. मीच म्हणलं, पट्टी ठिवा त्यांच्या म्होरं. शाळंत आमच्या बाई ओळीखाली पट्टी धरायला लावायच्या."

"पण गाडी तर बंद पडली होती..."

"कोण म्हणलं? गाडीचा मालक संगंच व्हता. वाऱ्यावानी पळाली म्हणला. येताना यांनीच थांबिवली बाभळीखाली. नळीला हात लावायची खोड ना." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "मालक फोनवर बोलत पलीकडं गेला, तवर मागून टेम्पो आला."

मी बाकावर बसलो. तीन दिवसांचं ओझं उतरलं होतं, तरी हलकं वाटलं नाही. माणूस गेलेलाच होता. निघताना वहिनींनी ती पट्टी माझ्या हातात दिली. "तुमच्यासाठीच काढली व्हती," एवढंच म्हणाल्या.

सगळी नोकरी मी मुलांना हेच सांगत आलो, की ओळीखाली पट्टी धरा, ओळ चुकत नाही.

घरी येऊन रविवारचं वर्तमानपत्र उघडलं. पट्टी धरून त्या चार ओळी एकेक शब्द सावकाश वाचल्या. मग पट्टी थोडी वर सरकवून 'बंद पडलेल्या'वर सरळ रेघ मारली आणि तिच्यावर लिहिलं, 'थांबवलेल्या'.