आक्काचं गाव, लोकसंख्या एक

आमचे हे जिल्ह्याच्या कचेरीत बत्तीस वर्षं शिरगणतीच्या टेबलावर होते. आठशे बारा गावांची लोकसंख्या तोंडपाठ. लग्नात कुणाशी ओळख झाली की आधी गाव विचारायचे आणि लगेच, म्हणजे चौदाशे सहा, त्यात बायका सातशे एकोणीस. समोरचा बिचारा गोरामोरा व्हायचा आणि मी कोपर मारून मारून थकायची. पोटच्या पोराचा वाढदिवस मात्र दरवर्षी मलाच सांगावा लागायचा.

यांचं जन्मगाव यादीत अगदी शेवटचं, डोंगरापलीकडचं. आधी तिथे एकवीस माणसं होती, मग नऊ, मग एकच, यांची थोरली बहीण. आई गेल्यावर आक्कानंच यांना लहानाचं मोठं केलं. मी आहे तोवर गाव आहे, असं म्हणायची आणि जागची हलायची नाही.

शिरगणतीच्या महिन्यातच आक्काला न्यूमोनिया झाला. मीच हट्ट धरून तिला इकडे आणलं. खोटं कशाला बोलू, तिकडे जाऊन उस्तवार करणं मला झेपलं नसतं. मोजणीची बाई दारात आली तेव्हा आक्का पडल्यापडल्या म्हणाली, मला माझ्या गावात लिहा. यांनी नियम सांगितला, या वीस दिवसांत माणूस जिथे सापडेल तिथेच लिहायचं. मी डोळे वटारले, पण हे पडले नियमाचे पक्के. आक्काचं नाव आमच्या घरात लागलं आणि गावापुढे शून्य. तेही यांच्याच अक्षरात.

वस्ती नाही म्हटल्यावर गावाची बस बंद झाली, विजेची तारही काढून नेली. यांनी आक्काला त्यातलं काही कळू दिलं नाही. आक्का बरी झाली, बोचकं बांधून स्टँडवर गेली आणि तासाभरात परत आली. रागावलीसुद्धा नाही.

"मी जिवंत होते ना रे?" एवढंच तिनं विचारलं.

नंतर चार वर्षं ती आमच्याकडे पाहुण्यासारखी राहिली, निमूट. ते बोचकं तिनं शेवटपर्यंत उघडलं नाही, खाटेखाली तसंच होतं. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

पुढची शिरगणती आली तेव्हा आक्का नव्हती आणि हे निवृत्त, गुडघे गेलेले. तरी शिधा, कंदील आणि आक्काचं बोचकं घेऊन निघाले, दहा-बारा किलोमीटर पायी. वीस दिवस तिथे राहिलो की गावापुढे एक लागेल, म्हणाले. मी वाट्टेल ते बोलले आणि मग गुपचूप लोकरीची टोपी पिशवीत कोंबली.

आमच्याकडे मोजणीची पोरगी आली. तिनं विचारलं, घरात किती माणसं? मुलगा परगावी. मी म्हटलं, मी एकटीच, हे गावी आहेत, तिकडे लिहितील.

वीस दिवसांनी हे परतले, दाढी वाढलेली, अंगानं निम्मे झालेले. रोज अंगण झाडून दारात बसायचे म्हणे, येणाऱ्यासाठी पाण्याचा तांब्या भरून.

"कुणी आलंच नाही गं. शून्याच्या गावात कोण येतंय मोजायला? बत्तीस वर्षांत मी तरी कुठे कुणाला पाठवलं?"

मग त्यांनी विचारलं, इथे माझं नाव घातलंस ना? मी नाही म्हटलं.

"म्हणजे जिल्ह्याचा आकडा एकानं कमी आहे," ते म्हणाले, आणि चपला काढायला खाली वाकले.