चार बोटं मागे

माझा धाकटा भाऊ विद्यापीठाच्या मैदानावर शिपाई. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू चाळायची, भिजवायची, दाताळ्यानं सारखी करायची, यात त्याची एकवीस वर्षं गेली. नुसती धाव बघून तो सांगतो, पाय फळीच्या किती पुढे पडणार. पोरं त्याला वाळूकाका म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी एक काटकुळी मुलगी आली. उडी मारली की पाय फळीच्या पुढे, म्हणजे फाउल. क्रीडाशिक्षक सर खुर्ची सोडतील तर शपथ! मग ह्यानंच तिला रोज सकाळी शिकवलं, गुडघेदुखी गेली खड्ड्यात. विभागीय विद्यापीठ स्पर्धेसाठी तिची निवड झाली तेव्हा ती म्हणाली, "काका, मार्गदर्शक म्हणून तुमचंच नाव लिहिणार. भोंग्यावरून पुकारतात." तेव्हापासून ह्याची स्वारी हवेत होती.

स्पर्धा आमच्याच मैदानावर. इस्त्रीचा शर्ट घालून तो मलाही मुद्दाम घेऊन गेला. भोंग्यावरून तिचं नाव आलं आणि पाठोपाठ मार्गदर्शक म्हणून सरांचं. भाऊ दाताळं धरून तसाच उभा राहिला. माझं डोकं फिरलं. मी तिला गाठलंच.

"सर म्हणाले, शिपायाचं नाव बरं दिसत नाही, आत्या."

"आणि तुला काय वाटलं?"

ती बुटाची नाडी बांधायला वाकली.

पहिल्या दोन्ही उड्या फाउल गेल्या. तिसरीही गेली असती तर ती स्पर्धेतून बाद. रडवेली होऊन ती भावाकडे आली.

"काका, धाव सुरू करायची खूण किती मागे घेऊ?"

"सरांना विचार."

सर लांबूनच ओरडले, "जोर लाव, जोर!" खरं सांगते, मला बरं वाटलं. भोग म्हटलं आता. पण ती धाव घ्यायला वळली आणि माझा हा गाढव भाऊ उठला. तिच्या खुणेची चिकटपट्टी उपटून त्यानं चार बोटं मागे लावली.

त्या उडीनं ती पहिली आली. पदक घेऊन धावत आली, "काका, हे तुमचंच."

"सरांना दे," तो म्हणाला आणि वाळू सारखी करायला लागला.

परवा डबा द्यायला गेले होते. एक नवी मुलगी सलग पाच वेळा फळी चुकली. भाऊ शेजारीच उभा.

"अरे, सांग की तिला," मी म्हटलं.

"माझं काम वाळूचं, ताई."